मागे घेतलेला जॉब

भोक आरपार पडलं, सर. ड्रिल थांबवलं तेव्हा गोल कटरच्या पोटात पोलादाची चकती अडकून राहिली होती, रुपयाएवढी, हाताला चटका देणारी. बाहेरचा उजेड आत येऊन माझ्या गुडघ्यावर पडला. मी बोटीच्या मागच्या कप्प्यात कुशीवर पडलो होतो, एक कोपर बॅटरीला टेकलेलं, पाठ डिझेलच्या टाकीला, आणि त्या नव्या भोकातून मला कालव्याच्या पलीकडच्या काठावर एक बाई कुत्र्याला फिरवताना दिसत होती. चांगल्या, कुठेही न गळणाऱ्या बोटीला मी आपल्या हाताने भोक पाडलं होतं. पाण्यापासून हातभर वर, धूर बाहेर नेणाऱ्या नळीसाठी; तरी भोक ते भोकच. पंधरा वर्षांत मी पोलाद कापलेलं नव्हतं. ऑफिसात मी बेअरिंगची ड्रॉइंग करतो, ती दुसरेच कोणीतरी दुसऱ्याच गावात बनवतात. मला वाटलं होतं हात विसरला असेल. पण तो आपणहून तेल सोडत होता, थांबत होता, परत दाबत होता, आणि मागून तुमचा आवाज येत होता: "कटरला खाऊ दे की. तू कशाला ढकलतोस? घाई केलीस तर दात जातील, कटरचे आधी, तुझे मागनं." मग मी अर्धगोल कानस घेतली आणि भोकाच्या कडेचा बर, कापताना उरलेली धारदार किनार, काढला, बाहेरून आणि आतूनही, जिथे कोणी कधी बघणार नाही.

हे कुठे चाललं आहे ते सांगायला हवं. मी जर्मनीत आखनला शिकायला आलो इथपर्यंत तुम्हाला ठाऊक होतं. पुढे मी दक्षिणेकडे हेर्त्सोगेनआउराख नावाच्या लहानशा गावात आलो. इथे सकाळी लोक एक तर बुटांच्या कंपनीत जातात नाही तर बेअरिंगच्या. मी बेअरिंगच्या. यंदा जगभर गाड्यांचा खप पडला, तशी कंपनीने सगळ्यांचे कामाचे तास कमी केले. याला कुर्त्सआर्बाइट म्हणतात. कोणाला काढत नाहीत, सगळेच थोडे थोडे घरी बसतात. माझे शुक्रवार मोकळे झाले. गावापासून सायकलने अर्ध्या तासावर, माइन आणि डॅन्यूब या नद्यांना जोडणाऱ्या कालव्यावर, एका बोट क्लबच्या धक्क्याला आमची जुनी डच बोट बांधलेली असते. नऊ मीटर लांब, आत दोन बाक, एक शेगडी, झोपायला तीन माणसांची जागा. चार उन्हाळे आम्ही तिच्यावर काढले. या वर्षी नाताळच्या सुट्टीत जायचं असं मुलीने ठरवलं आणि वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. बायको म्हणाली, "एका अटीवर. आत स्वेटर काढून बसता आलं पाहिजे." जरा थांबून म्हणाली, "आणि सकाळी उठता आलं पाहिजे."

तिची दुसरी अट थट्टा नव्हती, आणि या पत्रात मुख्य तीच आहे. बोटीवर बसवायचा हा डिझेलचा हीटर म्हणजे दुधाच्या मोठ्या किटलीएवढी एक पेटी. तिच्या पोटात एक बंद डबा. त्या डब्यात थेंब थेंब डिझेल येतं आणि जळतं. त्याला लागणारी हवा एका नळीने बाहेरून येते, धूर दुसऱ्या नळीने बाहेर जातो. डब्याच्या बाहेरच्या अंगावरून एक पंखा केबिनची हवा फिरवतो, ती तापून परत केबिनमध्ये येते. आतली हवा आणि बाहेरची हवा यांनी एकमेकींना कुठेही भेटायचं नाही. भेटल्या, तर थंडीत दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं झोपलेलीच राहतात. धुरातल्या त्या विषारी वायूला रंग नाही, स्वतःचा वास नाही. आणि ही पेटी मी बसवणार होतो. माझ्या बायकोने आणि मुलीने माझ्या हाताच्या कामाशेजारी डोळे मिटायचे होते.

तुमच्या वर्कशॉपमध्ये जॉब, म्हणजे प्रत्येकाने घडवलेला लोखंडाचा तुकडा, जमा करायची एक पद्धत होती. दुसऱ्या कुठल्या पॉलिटेक्निकमध्ये ती असल्याचं मी नंतर कधी ऐकलं नाही. टेबलामागे तुम्ही बसलेले, डाव्या हाताला नंबर पंचांची डबी, उजव्या हाताला हातोडी. आम्ही रांगेने येऊन आपापला जॉब पुढे ठेवायचो. तुम्ही तो लगेच तपासत नसा. आधी पंच त्यावर टेकवायचा आणि मान वर करून विचारायचं, "मारू का?" 'मारा सर' म्हटलं की आमचा रोल नंबर त्या लोखंडात उमटायचा, आणि मग जे काही असेल ते आमचं. पण 'मारू का' आणि 'मारा' यांच्या मधल्या जागेत आणखी एक वाक्य बोलायची मुभा होती: 'मागे घेतो.' तसं म्हणणाऱ्याला तुम्ही का ते विचारत नसा. ड्रॉवर उघडून पट्टीचा नवा तुकडा काढून द्यायचात, "हं, पाचनंतर बस," एवढंच बोलायचात, आणि गुण कापायचे नाहीत. आम्ही मात्र हसायचो. मागे घेणारा वर्गात कच्चा ठरायचा, तुमच्याकडून नव्हे, आमच्याकडून. तीन वर्षांत मी एकदाही मागे घेतलं नाही, आणि याचा मला अभिमान होता.

मेल-फीमेल जॉबचा दिवस. एका पट्टीत खाच, दुसरीला त्या खाचेत बसणारी जीभ. माझी जीभ घासता घासता बारीक झाली आणि बाजूने फट राहिली. आदल्या दिवशी सगळे चहाला गेले असताना मी खाचेच्या कडेवर हातोडीने हलके हलके ठोकलं. लोखंड पसरलं, वरून फट मिटली, त्यावर बारीक पॉलिश पेपर मारला. सुरेख दिसत होतं. "मारू का?" "मारा सर." सत्तावीस उमटलं. मग तुम्ही जीभ खाचेतून ओढून काढली, पालथी केली आणि पुन्हा बसवली. मी याचा विचारच केला नव्हता. तुम्ही टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून जॉबमागे धरलंत आणि ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आणलंत. "वाच." मी उभा. "वाच की. काय लिवलंय?" "दिसत नाही, सर." "दिसंल, दिसंल. येवढी मोठी खिडकी ठेवलीयस." वर्ग हसून हसून वाकला. पुढची दोन वर्षं तो जॉब काचेच्या कपाटात पहिल्या ओळीत होता, आणि नव्या पोरांना त्याचं नाव 'खिडकी' असं सांगितलं जायचं. पण मला जास्त लागलं ते सगळे गेल्यावरचं. तुम्ही कुलूप शोधत होता, माझ्याकडे पाहतही नव्हता. म्हणालात, "अरे, मागितला असतास तर दिला असता की दुसरा."

डिप्लोमाचा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मिक्सर उघडला होता, सगळे स्क्रू ताटात, आणि काकू ताट मागत होत्या. "अहो, याला काय जेवायला वाढू, त्या स्क्रूंबरोबर?" तुम्ही ताट दिलं नाही. मला परातीत पोहे मिळाले. निघताना तुम्ही आत जाऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणून दिलंत. घरी उघडून पाहिलं तर पट्टीचा कोरा तुकडा, करवतीने कापलेला, कडा न घासलेल्या. तुम्ही म्हणाला होता, "हा तुझा राहिला होता." मी तो टोमणा समजलो. आईने तो कितीतरी वर्षं लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला. आई गेली, घर आवरलं, तेव्हा तो कुठे गेला ते मी पाहिलं नाही.

आणखी एक पद्धत होती, तिच्यामुळे मी अडचणीत आलो. वर्कशॉपमधून शेवटी बाहेर पडेल त्याने मेन स्विचचा दांडा खाली ओढायचा, हात तिथेच ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "मेन बंद!" दारातून तुम्ही म्हणायचात, "ऐकलं." ऐकलं असं कानावर पडेपर्यंत हात काढायचा नाही. कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत. काहीतरी कधीतरी झालं असणार असं आम्ही आपसात बोलायचो. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली की आखनच्या हॉस्टेलमध्ये माझा खोलीसोबती मला वेडा समजायचा. लग्न झाल्यावर बायकोने पहिल्याच आठवड्यात तुमची जागा घेतली. गावाला निघताना मी मेन बंद म्हणतो, ती जिन्यातून ओरडते, "ऐकलं!" आता मुलगीही ओरडते, "गेहॉर्ट!" शेजारच्या आजींना वाटतं ही काहीतरी हिंदू प्रार्थना आहे. आम्ही त्यांचा गैरसमज काढलेला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी हीटर पहिल्यांदा पेटला. पंपाची टिकटिक सुरू झाली, पंखा घुमू लागला, पाच मिनिटांनी माझ्या तळव्यावर ऊन हवा आली. मी एकटा होतो आणि मोठ्याने हसलो. दोन तास तो उत्तम चालला. साडेतीनला बायकोचा फोन आला की मुलीच्या शाळेत पालकांची सभा पाचला आहे आणि ती माझ्या लक्षात असेलच. माझ्या लक्षात नव्हती. हत्यारं पेटीत टाकली, जॅकेट चढवलं, आणि पायरीखाली बॅटरीचा मेन स्विच आहे त्यावर हात ठेवून, रिकाम्या बोटीत, मी मोठ्याने म्हणालो, "मेन बंद." पंख्याचा आवाज मध्येच तुटला. अगदी शांत झालं. काम नीट संपवल्यासारखं वाटलं. मी सायकल काढली.

लहान मुलांच्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन, शाळेच्या बाई वाचनाबद्दल बोलत असताना मला ते आठवलं. हीटरच्या पुस्तकात जाड अक्षरांत एक सूचना आहे, आणि मीच ती बायकोला मराठी करून वाचून दाखवली होती: हीटर त्याच्या बटणाने बंद करा, आतली आग विझून डबा निवेपर्यंत पंखा फिरू द्या, तोवर वीज तोडू नका. मी वीज तोडली होती. आग डब्यात, पंखा बंद, सगळी उष्णता आतच कोंडलेली. इंजिनिअर माणूस, बावीस वर्षांचा अनुभव. जो कोणी मेनला हात न लावता आळसाने निघून गेला असता, त्याचा हीटर शाबूत राहिला असता. बायकोने कानाशी येऊन विचारलं, "काय झालं? चेहरा का असा?" "खुर्ची लहान आहे," मी म्हणालो.

पुढच्या शुक्रवारी जाऊन पाहिलं. पेटीचं प्लास्टिकचं झाकण एका बाजूने किंचित फुगलं होतं. माहीत नसलेल्याला दिसलं नसतं. हीटर लावला. आधी बाहेरच्या नळीतून पांढरा धूर आला, मग तो थांबला, आणि टिकटिक, पंखा, ऊन हवा, सगळं पहिल्यासारखं. मी अर्धा तास कान लावून बसलो. खरं तर पेटी उघडून आतलं सील पाहायला हवं होतं. पण सील एकदा उघडलं की नवंच घालावं लागतं, नवं मागवावं लागतं, आणि सुट्टीला दोन आठवडे राहिले होते. शनिवारी दोघींना दाखवायला आणलं. बायकोने खरोखरच स्वेटर काढला, बाकावर पाय पसरले आणि म्हणाली, "हं. आता फक्त भजी हवीत." मुलगी हीटरच्या झरोक्यापुढे हात शेकत उभी होती. तिने नाक मुरडलं. "बाबा, एस श्टिंक्ट." घाण वास येतोय म्हणाली. "नव्या वस्तूचा वास आहे," मी म्हणालो, "पहिले काही तास येतो. पुस्तकात लिहिलंय." पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच बोलायला इतकं सोपं गेलं. बायको माझ्याकडे बघत होती. "नक्की ना?" "नक्की." विषारी वायू ओळखणारं एक यंत्र मी भिंतीला लावलं होतं, तेही वाजलं नाही. पण बोटीचं दार आम्ही सगळा वेळ उघडं ठेवलं होतं, आणि हे तिथे मला एकट्यालाच सुचत होतं.

आमच्या क्लबचा नियम आहे की हिवाळ्यात बोटीवर झोपायचं तर आधी हाफनमाइस्टरने, म्हणजे धक्क्याच्या प्रमुखाने, हीटर तपासून कागदावर सही करायची. कामाच्या या तपासणीला आब्नामे म्हणतात. हा म्हातारा चाळीस वर्षं घरोघरी हीटिंग बसवत असे. सत्तरीचा आहे, शर्टाच्या खिशात कायम एक छोटा आरसा, नळीच्या मागची बाजू बघायला. बोटवाल्यांत एकमेकांना तू म्हणायची रीत आहे, म्हणून तोही मला तूच म्हणतो. निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तो आला. आरसा घालून धुराच्या नळीचा प्रत्येक जोड पाहिला, पट्ट्या ओढून पाहिल्या, नळीभोवतीचं उष्णतारोधक कापड चाचपलं. भोकापाशी आला. कडेवरून अंगठा फिरवला, बाहेरून, मग हात आत घालून आतून. "हे कोणी केलं?" "मी." "बरं, बरं. पण हे आतून कशाला घासलंस? इथे कोण बघतं?" "मला शिकवलं होतं." तो हसला आणि म्हणाला, "पास्ट शो." इकडच्या बोलीत याचा अर्थ 'ठीक आहे', पण तो उच्चारतो तेव्हा ते पदक असतं. त्याने कागद गुडघ्यावर ठेवला, पेन उघडलं, टोक कागदाला टेकवलं आणि मान वर करून विचारलं, "आल्झो, तर मग, सगळं व्यवस्थित?"

सर, पंच टेकवून तुम्ही असंच वर बघायचात.

मी म्हणालो, "इश नेमे एस त्सुरूक." मागे घेतो याचं मी शब्दाला शब्द जर्मन केलं होतं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ, मी माझे शब्द मागे घेतो, असा होतो. म्हातारा बुचकळ्यात पडला. "काय मागे घेतोस? तू तर अजून काही बोललाच नाहीस." "हीटर मागे घेतो." "दुकानात परत करणार?" "नाही. तुझ्या कागदावरून." मग मी सगळं सांगितलं. मेन, तुमचं ते ऐकलं, शाळेतली खुर्ची, फुगलेलं झाकण, वास. माझी जर्मन अशा वेळी मोडते आणि क्रियापदं वाक्याच्या शेवटी पोचतच नाहीत. त्याने पेनाला टोपण घातलं. मग म्हणाला, "तुझा मास्तर बरोबर होता. हीटरचं पुस्तकही बरोबर आहे. दोघांच्या मध्ये तू आलास." आणि लगेच, "गेनाऊ," म्हणजे अगदी तसंच, "पाना आण."

आम्ही पेटी उतरवली आणि धक्क्याच्या शेडमधल्या टेबलावर उघडली. बर्नर आणि डबा यांच्या मधलं सील एका बाजूला करपून ठिसूळ झालं होतं. हात लावताच त्याचा तुकडा पडला. त्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे फक्त केबिनची स्वच्छ हवा असायला हवी, काजळीची एक रेघ होती. दोन इंच लांब, पेन्सिलने ओढावी तशी. म्हाताऱ्याने आरसा खिशात ठेवला. "हे मला दिसलं नसतं," तो म्हणाला. "मी सही केली असती." तो खडसावेल असं मला वाटलं होतं, निदान टोमणा मारेल. त्याने विचारलं, "कोण कोण झोपणार होतं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "हं," आणि कॉफी करायला गेला.

त्या संध्याकाळी घरी मी बायकोला वासाची गोष्ट खरी सांगितली. ती भांडी पुसत होती, पुसायची थांबली नाही. "म्हणजे त्या शनिवारी तू मला 'नक्की' म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं?" "माहीत नव्हतं. शंका होती." "शंका होती आणि नक्की म्हणालास." "हो." तिने शेवटची ताटली जागेवर ठेवली. "मला विचारायचं होतंस. मी म्हटलं असतं, नको जायला. एवढंच ना?" इतकी वर्षं झाली, सर, आणि दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली. तुम्ही कुलूप शोधता शोधता, तिने भांडी पुसता पुसता. त्या कोऱ्या तुकड्यात टोमणा नव्हता हे मला त्या ओट्यापाशी उभं असताना कळलं. तुम्ही ज्याचे गुण कधी कापले नाहीत, तेच, ते 'मागे घेतो' म्हणणं, मी आयुष्यभर टाळत आलो होतो. म्हणून हे आभार उशिराचे आहेत. ते त्या तुकड्याचे आहेत, आणि 'मारू का' विचारून तुम्ही जितका वेळ थांबायचात त्या वेळाचे. त्यात मी इतक्यांदा उभा राहिलो होतो म्हणूनच मला त्या शुक्रवारी ती जागा ओळखू आली.

नवं सील यायला पाच दिवस लागले. दहा दिवसांची सहल तीन दिवसांची झाली. मुलगी दोन दिवस बोलली नाही, तेही जर्मनमध्ये. सील मी बसवलं, म्हातारा शेजारी स्टुलावर बसून बघत राहिला आणि फक्त एकदा म्हणाला, "समोरासमोरचे बोल्ट आधी." मग दार बंद करून आम्ही दोघं आत दोन तास बसलो, मधे ते वायू ओळखणारं यंत्र, शून्यावर. त्याने सही केली. जाताना मेन स्विचकडे बोट दाखवून डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी सामान चढवताना पाहिलं तर बायकोने स्विचवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर मार्करने लिहिलं होतं: 'आधी सरांना विचार.' मुलीने ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि कोण सर म्हणून विचारलं, मराठीत.

तुम्ही गेल्याचं मला आखनला एका वर्गमित्राच्या पत्रातून कळलं. पत्र तीन आठवड्यांनी पोचलेलं. मी बस स्टॉपवर उभा आहे, पाकीट उघडलंय, आधी त्याच्या बढतीची बातमी, मग त्याला झालेल्या मुलाची, मग एका ओळीत तुम्ही. बस येते. मी चढतो, तिकीट दाखवतो, बसतो. लॅबमध्ये जाऊन दिवसभर काम करतो. काकूंना दोन ओळी लिहायच्या असं ठरवतो आणि लिहीत नाही.

आता संध्याकाळचे सात वाजलेत. इथे चारलाच अंधार होतो. दिवसभरात आम्ही दोन श्लॉइझ ओलांडल्या. बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणाऱ्या त्या दरवाजांमध्ये मुलीने स्वतः दोर धरला. काठाला बोट बांधून खिचडी खाल्ली. बाहेर शून्याखाली पाच, आत दोघी बाह्या वर करून पत्ते खेळतायत आणि बायको हरतेय. टिकटिक चालू आहे. यंत्रावर शून्य आहे. मी दर थोड्या वेळाने बघतो आणि बघत नसल्यासारखं करतो. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला कोणी नाही. पण सवयीने मघाशी पाकीट काढलं, तुमचं नाव लिहायला गेलो, आणि लक्षात आलं की तुमचं पहिलं नाव मला माहीत नाही. तीन वर्षं तुम्ही आडनाव आणि सर होता, आणि त्यापुढे मी कधी विचारलं नाही. दुसरं म्हणजे, दोघी झोपल्या की मी बाकावर बसून जागा राहणार आहे. यंत्र आहे, सही आहे, सील मी स्वतः बसवलं आहे, तरी राहणार आहे. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी. कालव्याच्या कडेने पातळ बर्फ धरलं होतं. आठच्या सुमाराला तिघंही उठलो. आधी मुलगी, मग बायको, सर्वांत शेवटी मी.